कच्च्या फाइलीतली मशाल

"हे फॉरमॅट ओळखता येत नाही," असं कॉम्प्युटरनं मला पुन्हा ऐकवलं, तेव्हा मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं छापण्यासारखं नाही. मशीन नवंकोरं. त्यातलं ग्राफिक्स कार्ड इतकं महागाचं की लूनं ते बसवण्याआधी साबणानं हात धुतले होते. आणि हे एवढं थोरलं मशीन एका जुनाट फाइलीपुढे तोंड वासून बसलं होतं.

मी च्यू. तैपेईत वानहुआला, काढ्यांच्या दुकानाच्या वर आमची जागा आहे. सिनेमा कापून-जोडून झाला की शेवटी रंग लावून घ्यायला आमच्याकडे येतो. मी रंग बघते, माझा भागीदार लू मशीनं बघतो, आणि आमची भांडणं खालचा काढेवाला ऐकतो. कधीमधी तो वर येऊन आम्हाला पित्तशामक देऊन जातो, फुकट.

फाइल आणली होती पान हुएवेननं. चाळिशीची बाई, जिनशानकडच्या कोळ्यांची पोर. तिनं आपल्या गावच्या मासेमारीवर माहितीपट केला होता. तिकडे पूर्वी होडीच्या नाळेवर मशाल पेटवून मासे धरायचे. पांढऱ्या दगडावर पाणी सोडायचं, त्यातून निघणारा वायू लांब बांबूच्या टोकाशी न्यायचा आणि काडी लावायची. धाडकन आवाज होतो, घराएवढा भडका उडतो, आणि त्या उजेडाला भुलून तारल्या पाण्याबाहेर उड्या मारतात. मशाल धरणारा तो मशालजी. होडीवर त्याचा शब्द शेवटचा. हुएवेनचे वडील गावातले नावाजलेले मशालजी होते.

"च्यूताई, याची दुसरी प्रत आहे, ती उघडते," हुएवेन म्हणाली. "पण ती उपयोगाची नाही."

"उपयोगाची आहे की नाही ते मी ठरवते. दाखव."

शूटिंगच्या वेळी कॅमेरा भाड्यानं देणाऱ्यांनी मूळ कच्च्या फाइलींवरून हलक्या प्रती काढून दिल्या होत्या. अख्खा सिनेमा त्या प्रतींवरच जोडला होता आणि त्यात मला काही अडचण दिसली नाही. मग ते एक दृश्य आलं. काळा समुद्र. नाळेवर बांबू धरून उभा असलेला माणूस. धाडकन भडका, उजेडात उसळणाऱ्या तारल्या, वा! आणि मग ती मशाल एकाएकी होडीच्या आत वळते आणि पडदा पांढराफटक होतो. त्या पांढऱ्यातून एक किंकाळी ऐकू येते. नंतर अंधार.

मी तो पांढरा खाली ओढला. तो राखाडी झाला. आणखी ओढला. आणखी घाणेरडा राखाडी झाला. हलक्या प्रतीत उजेडाच्या वरचं सगळं छाटून टाकलेलं असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"या पांढऱ्यात आहे काय एवढं?" मी विचारलं.

"माझे बाबा."

लूनं चहा आणला. तिनं कप हातात धरला, प्यायली नाही, आणि सांगायला लागली. तो बाबांचा शेवटचा हंगाम. मशाल आत वळली आणि जाळं ओढणाऱ्या आ-थिआमचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. गाव म्हणालं, शुई प्यायला होता. शुई म्हणजे तिचे वडील. ते हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. होडी विकली, मशाल सोडली. गावातल्या माझू देवीच्या देवळात त्यानंतर पाऊल टाकलं नाही. घरात बसून दुसऱ्यांची जाळी विणतात.

"प्यायले होते?" मला आडपडदा ठेवता येत नाही.

"तेच तर मला माहीत नाही, ताई! मी तिथंच होते, पण माझा डोळा कॅमेऱ्याला होता. मला फक्त पांढरं दिसलं. मग कुणीतरी मला जोरात ढकललं आणि मी पाठीवर पडले. बाबांनीच ढकललं असं वाटतं. म्हणजे मलासुद्धा वाटतं की ते प्यायले होते. पोटची पोर मी, आणि मलाही तसंच वाटतं. घरी गेले की त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही."

"आणि कच्ची फाइल उघडली, आणि त्यात ते खरोखरच झिंगलेले दिसले तर?"

"तर तसे दिसू देत. मी तेच दाखवीन. पण हे पांढरं नको. देवीच्या जत्रेला देवळासमोर सिनेमा लावायचा आहे, सगळं गाव येणार. आ-थिआमकाका आता देवळाचे पंच आहेत, तेही येणार. त्यांच्यासमोर मी पांढरा पडदा लावू?"

खरं तर मी तिला "जमणार नाही बाई" म्हणून वाटेला लावणार होते. दोन जाहिराती खोळंबल्या होत्या. पण तिनं "तर तसे दिसू देत" म्हटलं ना, तिथंच माझं काळीज हललं. लोक माझ्याकडे येतात ते सुरकुत्या घालवायला, आभाळ निळं करायला. खरं काय ते बघायला आलेली ही पहिलीच. आता ही फाइल उघडत कशी नाही ते मी बघणार होते.

लूनं माहिती काढली आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला.

"कॅमेऱ्याची कंपनी कधीच बुडाली," तो म्हणाला. "त्यांच्या फाइली वाचायचा प्रोग्रॅमचा तुकडा त्यांनीच बनवलेला. तो आपल्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीलाच जोडता येतो. जुनी आवृत्ती जुन्या सिस्टिमवरच उभी राहते. आणि जुनी सिस्टिम आपल्या नव्या कार्डाला ओळखसुद्धा दाखवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नवरदेव जुना, वऱ्हाड जुनं, आणि घोडाही जुनाच पाहिजे."

"फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घेता येत नाही?" हुएवेननं विचारलं.

"बदलायला आधी वाचता यायला हवी ना! घोडं तिथंच तर अडलंय."

नवरदेव आणि वऱ्हाड आमच्या अडगळीच्या खोलीत निघालं. आमचं जुनं मशीन तिथं धूळ खात होतं, जुन्या सिस्टिमसकट, जुन्या आवृत्तीसकट, कारण लू काही म्हणता काही पुसत नाही. 'चालतंय ना? मग हात लावायचा नाही' हा तैपेईतल्या मशीनवाल्यांचा धर्मच आहे. त्या मशीनवर अजून त्याचं हिरवं पाकीट होतं. आमच्याकडे मक्याचे कुरकुरे मिळतात, ज्यांच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. ते पाकीट मशीनवर ठेवलं की मशीन आज्ञेत राहतं अशी श्रद्धा. इस्पितळात ठेवतात, बँकेत ठेवतात, मोठमोठे इंजिनिअर ठेवतात. हिरवंच पाहिजे, खोबऱ्याच्या चवीचं. पिवळं ठेवलं तर मशीन कुरकुरतं, लाल ठेवलं तर झोपतं. आणि मुदत संपलेलं तर मुळीच नको.

या पाकिटाची मुदत कधीच संपली होती. "बघ, म्हणूनच याचं कार्ड जळालं," लू गंभीरपणे म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

घोडा मात्र बाजारातच शोधावा लागला. ग्वांगहुआच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात आम्ही तिघं दुकानामागून दुकान पालथं घालत होतो. जो तो नवीन दाखवायचा. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानदारानं पायाखालच्या खोक्यातून एक कार्ड काढून फुंकर मारली.

"हे? हे आता कोण नेतं? यापेक्षा तुमचा नवरा नवा असेल," तो लूकडे बघत मला म्हणाला.

"हा माझा नवरा नाही."

"मग सुटलात की! चालेल याची खात्री देत नाही. कार्डाची म्हणतोय."

लूनं पंखा बोटानं फिरवून बघितला, घोड्याचे दात मोजावेत तसे कार्डाचे पिवळे दात तपासले आणि मान डोलावली. घेतलं. त्या कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून केव्हाच काढून टाकलेलं, पण ते लूच्या एका जुन्या सीडीवर होतं. त्याच्या साठवून ठेवायच्या सवयीवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलंय. त्या दिवशी गप्प बसले. मला ते फार जड गेलं, पण बसले.

मशीन सुरू झालं. पंखे विमानासारखे घोंघावले. जुनी आवृत्ती उघडली, मी फाइल आत ओढली, आणि पडद्यावर समुद्र आला. नुसता काळा नाही, काळ्याच्या पोटातला निळा, हिरवट, लाटेच्या कडेला शिशाचा.

"उघडली!" लू ओरडला. खालून काढेवाल्यानं छताला काठी ठोकली.

 हुएवेननं माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती. होडी बंदरातून निघाली. जाळी, हसणारी माणसं, दगडांची पिंपं. मशीन बिचारं दमेकऱ्यासारखं एकेक चित्र पुढे ढकलत होतं. मशाल पेटली, भडका उडाला, तारल्या उसळल्या, आणि फट्! मशीन बंद. पडदा काळा.

पुन्हा चालू केलं. पुन्हा बंदरापासून निघालो, आणि पुन्हा मशालीशी आलो तर फट्!

मी हट्टाला पेटले. सगळा दिवस तेच. होडी निघायची, मशाल पेटायची, मशीन मरायचं. लूनं वायरी बदलल्या, कार्ड काढून घातलं. मग तो गुपचूप खाली गेला आणि ताज्या मुदतीची हिरवी पाकिटं घेऊन आला. एकानं भागणार नाही म्हणून चांगली तीन. मशीनच्या डोक्यावर शेजारी शेजारी मांडली आणि हात जोडले. आता तर होडी मशालीपर्यंतही पोचेना.

"ताई, राहू दे," हुएवेन म्हणाली. "मी सकाळी लोंगशानच्या देवळात मागच्या बाजूला माझूसमोर कौल लावला. दोन्ही ठोकळे उताणे पडले."

उताणे पडले म्हणजे देवी नुसती हसली. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही.

"हसणारच! आपला कारभारच तसा आहे," मी म्हटलं.

"पण नेमकं आगीशीच बंद पडतं. तिला ते दाखवायचं नसेल. बाबांनाही नसेल."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "हे बघ, देवीला दाखवायचं नसतं तर तिनं फाइलच पुसली असती. अर्ध्या वाटेत अडवायला ती काय सरकारी कचेरी आहे? आणि नेमकं आगीशी म्हणतेस, तर आता आपण आगीपासूनच सुरू करू. बंदर बघून बघून मला उलटी यायला लागलीय."

मशीन थंड होईपर्यंत आम्ही खाली जाऊन शेवया खाल्ल्या. लूनं अंडंसुद्धा उरवलं. वर आलो आणि मी थेट मशालीवर गेले. चाललं! भडका आला, तारल्या आल्या, मशाल आत वळली, पांढरं आलं, तरी मशीन जिवंत. आम्ही बघतोय तोच पुढं, बंदरावर कुणी चहा ओततंय अशा साध्यासुध्या चित्रावर फट्!

"चहावरही कोप झाला म्हणायचा का देवीचा?" मी लूला विचारलं.

म्हणजे आगीचा काही संबंधच नव्हता. कुठूनही सुरू केलं तरी थोडा वेळ चालायचं आणि मरायचं. मी उठून मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. हिरवी पाकिटं भट्टीतून काढल्यासारखी कढत होती. मी ती उचलली. खाली जाळी. त्या जुन्या मशीनची गरम हवा वरूनच बाहेर पडायची आणि लूनं नेमकं तिथंच, एकाला एक लावून, भक्तिभावानं बूच मारलं होतं! पहिल्या जुन्या पाकिटानं अर्धी जाळी झाकली होती, म्हणून मशालीपर्यंत तरी जात होतो. तीन ठेवल्यावर तेवढंही नाही.

"अगं अगं, काढू नकोस!" लू धावला. "नैवेद्य काढतेस?"

"नैवेद्य नाकावर ठेवतात का रे? श्वास कुठून घेणार ते?"

लू लाल झाला. हुएवेन हसायला लागली, आल्यापासून पहिल्यांदाच, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तोड निघाली. मशीनसमोर स्टूल मांडलं, त्यावर पाकिटं ठेवली. लूनं वाकून माफी मागितली. मीही मान झुकवली, आता कशाला उगाच वाकडं घ्या.

मग मशीन हूं की चूं न करता चालत राहिलं. मशालीचं दृश्य मी मूळ कच्च्या फाइलीतून सगळंच्या सगळं, काही न छाटता, आजच्या मशीनला समजेल अशा फॉरमॅटमध्ये उतरवून घेतलं आणि नव्या मशीनवर आणलं. तिथं माझं राज्य. मी उजेड हळूहळू खाली घ्यायला सुरुवात केली.

आगीचा गाभा पांढराच राहिला, तो कॅमेऱ्यालाही झेपला नव्हता. पण भोवतीचा पांढरा फाटायला लागला. आधी पिवळा, मग नारिंगी, मग त्यातून नाळेची कड, जाळ्याची दोरी, एक खांदा. मग चेहरा. वाकलेला, घामानं चमकणारा, डोळे सताड उघडे. तो चेहरा समुद्राकडे बघत नव्हता. मशालजीनं पाण्यावरून नजर काढायची नसते, आणि हा सरळ आमच्याकडे बघत होता. सरळ कॅमेऱ्याकडे.

"एकेक चित्र घे," हुएवेन पुटपुटली.

मी एकेक चित्र पुढे घेतलं. तेव्हा मला दिसलं की क्षितिज कलतंय. होडी नाही, कॅमेरा कलत होता. बाहेरच्या बाजूला, पाण्याकडे. शुईकाकांचा डावा हात बांबूवरून सुटला होता आणि भिंगाकडे येत होता, पंजा उघडा. पुढच्या चित्रात बोटं भिंगाच्या खाली गेली. मग धक्का, आणि कॅमेरा आत फेकला गेला. अर्धवट वळलेली मशाल त्या धक्क्यानं पुरती आत गेली.

 "मी पेटीवर चढले होते," हुएवेन म्हणाली. "माशांच्या पेटीवर. तारल्या वरून नीट दिसाव्यात म्हणून. मी पडत होते. मी समुद्रात पडत होते, ताई! आणि मला वाटत राहिलं की त्यांनी मला ढकललं."

"ढकललंच की," लू हळूच म्हणाला. "होडीत."

ती रडली. मी तिला रडू दिलं. मग तिनं तोंड पुसलं आणि तिथूनच घरी फोन लावला. आवाज मोठा ठेवला, लपवायचं काही उरलंच नव्हतं.

"बाबा, तुम्ही प्यायला नव्हता."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"कोण म्हणतं?"

"दिसतंय. कच्च्या फाइलीत दिसतंय."

"मग ती कच्चीच राहू दे. शिजवू नकोस."

"का बोलला नाहीत? एवढी वर्षं का नाही बोललात?"

"काय बोलायचं? होडीवर बाई नको म्हणून सगळे अडून बसले होते. माझी पोर आहे, मी बघतो, असं सांगून मी तुला घेतलं. ती पडायला आली म्हणून झालं, असं सांगितलं असतं, तर म्हणाले असते बाई होडीवर चढली, दर्या कोपला. तुला पुन्हा कुणी बंदरावर कॅमेरा धरू दिला नसता. बेवडा म्हटलं, प्रकरण मिटलं."

"तुमचं कुठं मिटलं?"

"माझं काय घेऊन बसलीस. ते चित्र काढून टाक."

"नाही काढणार."

"मग मी जत्रेला येणार नाही."

"नका येऊ. मी दाखवणार म्हणजे दाखवणार."

फोन तिनंच ठेवला. मला तिचा असा अभिमान वाटला, की काय सांगू! बापाचा हट्ट पुरेपूर उतरला होता पोरीत.

त्यानंतर मी त्या दृश्यावर जेवढं काम केलं तेवढं अख्ख्या सिनेमावर केलं नाही. आग सोनेरी करायचा मोह होत होता. हुएवेन म्हणाली, सोनेरी नको, ती आग डोळ्यांना बोचते, तशीच बोचू दे. चेहरा आपला आपण उभा राहिला. पण मला त्या माणसाचा दुसरा हात हवा होता. उजवा हात आगीमागच्या काळोखात बुडाला होता, नुसता शाईचा डाग. मी तेवढाच भाग धरून सावली इवली इवली उघडत गेले. जास्त उघडली की चित्रावर रवाळ दाणे फुटायचे, कमी की डाग. शेवटी बोटं दिसली. बांबूवर आवळलेली, सांधे पांढरे पडलेले. हलक्या प्रतीत यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

जत्रेला मी आणि लू प्रोजेक्टर घेऊन गेलो. देवळासमोर बांबूवर पडदा, प्लास्टिकची लाल स्टुलं, भाजलेल्या माकुळाचा वास, मध्येच फटाके. आ-थिआम पुढच्या रांगेत पंचांच्यात बसले होते. जाडजूड माणूस, सणाच्या उकाड्यातही लांब बाह्यांचा सदरा. शुईकाका दिसले नाहीत. हुएवेन सारखी मागे वळून बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती.

अंधार पडला, सिनेमा सुरू झाला. लोक स्वतःला ओळखून ओरडत होते, मेलेल्यांची नावं घेत होते. मग ते दृश्य आलं. हुएवेननं ते संथ केलं होतं. मशाल वळली आणि गावानं पांढऱ्याऐवजी माणूस बघितला. कलणारं क्षितिज, उघडा पंजा, बांबूवरची मूठ. त्यावर तिचा स्वतःचा आवाज होता: "मी पडत होते. माझ्या बाबांनी मला होडीत ढकललं. ते प्यायले नव्हते."

 मग मागून एक म्हातारा खाकरला. "तेव्हाच म्हटलं होतं मी, बाई नको होडीवर म्हणून."

"तू गप रे!" आ-थिआम वळून गरजले. "होडीवर तू नव्हतास, मी होतो."

ते उठले. लोकांची डोकी पडद्यावर सावल्या पाडत होती, आ-थिआमची सावली त्यांच्यावरून मागे मागे सरकत गेली. तेव्हा मला दिसलं, देवळाच्या उंबऱ्याबाहेर, धुपाच्या मोठ्या भांड्याआड शुईकाका उभे होते. पायात घरातल्या सपाता. आलो नाही असं म्हणता यावं एवढ्या अंतरावर. हुएवेन धावली, पण आ-थिआम आधी पोचले, म्हणून ती थबकली. तिच्या शेजारी मी.

"शुईदादा," आ-थिआम म्हणाले. "एवढी वर्षं मी तुला शिव्या घातल्या. देवीसमोर घातल्या. एकदा तरी उलटून बोलायचंस."

शुईकाका त्यांच्या सदऱ्याच्या बाहीकडे बघत होते. "काय बोलणार? हात तुझा माझ्याच मशालीनं भाजला. कारण सांगितलं असतं तर बरा झाला असता का?"

 आ-थिआम पडद्याकडे वळले. लूनं, कसं सुचलं त्याला कोण जाणे, चित्र तिथंच थांबवून ठेवलं होतं.

"ते बघ," आ-थिआम बोट दाखवून म्हणाले. "एक हात पोरीकडे गेलाय, आणि एक तू बांबूवरच ठेवलायस. कसा ठेवलास रे?"

"तू होतास ना खाली."

 आ-थिआम यांनी नाक ओढलं.

"माझी पोरगी असती ना, मी दोन्ही सोडले असते," ते म्हणाले. "आणि तू माझ्या जागी खाली असतास, तर मशाल पडून आज तुला तोंड उरलं नसतं."

त्यांनी भाजलेल्या हातानं शुईकाकांचं मनगट धरलं आणि उंबऱ्याकडे वळले. "चल, आधी उदबत्ती लाव. सिनेमा काय, पोरगी परत दाखवेल."